कुलूप, भिंत आणि नकाशा

१९७६ च्या नोव्हेंबरात जिमी कार्टर अमेरिकेचे अध्यक्ष म्हणून निवडून आले, तेव्हा त्यांनी २३ राज्ये जिंकली होती. टेक्सास, मिसिसिपी, अलाबामा, केंटकी, वेस्ट व्हर्जिनिया ही त्यांतली काही. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन, इलिनॉय, न्यू जर्सी, व्हरमाँट या राज्यांत मात्र रिपब्लिकन जेराल्ड फोर्ड यांनी त्यांना हरवले. ४८ वर्षांनी, २०२४ मध्ये, त्याच डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवार कमला हॅरिस होत्या. कार्टर यांनी जिंकलेल्या २३ पैकी १६ राज्यांत त्या हरल्या. फोर्ड यांना मिळालेली ती सहाही राज्ये मात्र त्यांनी जिंकली. पक्षाचे नाव बदलले नाही, राज्यांच्या सीमा बदलल्या नाहीत, तरी नकाशा जवळजवळ उलटा झाला.

आता २०१६, २०२० आणि २०२४ या तीन निवडणुका घ्या. पन्नासपैकी ४४ राज्यांनी तिन्ही वेळा एकाच पक्षाला कौल दिला. मधल्या काळात करोनाची साथ येऊन गेली, संसदेच्या इमारतीवर जमाव चालून गेला, महागाई भडकली, एका अध्यक्षाने ऐन प्रचारात उमेदवारी सोडली. तरीही फक्त सहा राज्ये इकडची तिकडे झाली.

दोन्ही गोष्टी एकाच देशातल्या आहेत. अमुक उमेदवार चार वर्षांनी कोणती राज्ये जिंकेल, हा प्रश्न विचारला तर बहुतेक राज्यांचे उत्तर आजच देता येते. वीस वर्षांनंतरचे विचारले, तर मोठमोठ्या अभ्यासकांची भाकिते तोंडघशी पडलेली दिसतात. असे का होते आणि भाकीत नेमके कुठे फसते, ते या प्रकरणात पाहू.

पन्नास निवडणुकांची बेरीज

अमेरिकेचा अध्यक्ष देशभरच्या मतांच्या बेरजेने ठरत नाही. प्रत्येक राज्याला इलेक्टोरल मते असतात. प्रतिनिधीगृहातल्या त्या राज्याच्या जागा आणि सिनेटच्या दोन, अशी ती बेरीज असते. ४३५ अधिक १००, शिवाय राजधानी वॉशिंग्टनला १९६१ च्या घटनादुरुस्तीने मिळालेली ३, अशी एकूण ५३८. बहुमताला २७० लागतात. ४८ राज्यांत आणि राजधानीत, ज्याला सर्वाधिक मते त्याला त्या राज्याची सगळी इलेक्टोरल मते जातात. मेन आणि नेब्रास्का ही दोनच राज्ये आपली काही मते मतदारसंघांनुसार वाटतात.

महाराष्ट्रात हा नियम लावून पाहा. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत दोन्ही आघाड्यांना जवळपास सारखीच मते पडली. जागा मात्र महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७ मिळाल्या. अमेरिकी नियम असता, तर नावाला पुढे असलेल्या आघाडीला ४८ च्या ४८ मिळाल्या असत्या, आणि दिल्लीतले सगळे गणित त्या निसटत्या आघाडीवर फिरले असते.

अमेरिकेत नेमके असेच घडते. २००० मध्ये फ्लोरिडातल्या ५३७ मतांनी राज्याची २५ इलेक्टोरल मते आणि अध्यक्षपद जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्याकडे गेले. अल गोर यांना देशभरात पाच लाखांहून अधिक मते जास्त होती, त्यांचा काही उपयोग झाला नाही. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन २८ लाखांहून अधिक मतांनी पुढे होत्या. पण पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांत मिळून ७८ हजारांच्या आत मतांनी त्या हरल्या आणि डोनाल्ड ट्रम्प अध्यक्ष झाले. २०२० मध्ये जो बायडेन देशात ७० लाखांनी पुढे होते. पण अॅरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिनमधली त्यांची आघाडी एकत्र केली तरी ४३ हजार भरत नव्हती. ही तीन राज्ये गेली असती, तर दोघांची २६९-२६९ अशी बरोबरी झाली असती.

या पद्धतीमुळे पुढची निवडणूक कोण जिंकणार, हा प्रश्न लगेच दुसऱ्या रूपात समोर येतो: काठावरची राज्ये कोणती, आणि ती कोणत्या बाजूला झुकतील? कॅलिफोर्नियात हॅरिस २० टक्क्यांनी जिंकल्या काय किंवा २९ टक्क्यांनी जिंकल्या असत्या काय, हिशेबात ५४ मतेच धरली जातात.

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना याचा अनुभव दर चार वर्षांनी येतो. गणपती, दिवाळी अंक, नाटकांचे दौरे असे सगळे तिथे असले, तरी १९९२ पासून ते राज्य डेमोक्रॅटिक आहे आणि अध्यक्षपदाचे उमेदवार तिकडे मते मागायला फारसे फिरकत नाहीत. मिशिगनमध्ये दर निवडणुकीला प्रचाराचा पाऊस पडतो. बेळगावात वाढलेले आणि ‘ही श्रीची इच्छा’ या आत्मकथनामुळे मराठी वाचकांना ओळखीचे झालेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये याच राज्यातल्या डेट्रॉइट परिसरातून प्रतिनिधीगृहावर निवडून आले. दोन राज्यांतल्या दोन मराठी कुटुंबांची मते कायद्याने सारखी असली, तरी उमेदवाराच्या लेखी त्यांची किंमत सारखी नसते.

देश किती हलला, राज्य किती

राज्यांचे भाकीत करणाऱ्यांचे मूळ हत्यार साधे आहे. राज्याचा निकाल नुसता न पाहता तो देशाच्या निकालाशी ताडून पाहायचा. निवडणूक विश्लेषक चार्ली कुक यांनी १९९७ मध्ये मतदारसंघांसाठी असा निर्देशांक तयार केला. अध्यक्षीय निवडणुकांत एखादा भाग देशाच्या सरासरीपेक्षा किती डावीकडे, म्हणजे डेमोक्रॅटांकडे, किंवा किती उजवीकडे, म्हणजे रिपब्लिकनांकडे, मतदान करतो, ते तो सांगतो. याला सापेक्ष कल म्हणू.

२०१२ मध्ये बराक ओबामा देशात सुमारे ३.९ टक्क्यांनी जिंकले आणि फ्लोरिडात ०.९ टक्क्यांनी. म्हणजे फ्लोरिडा ओबामांकडे गेले असले, तरी देशापेक्षा ते ३ टक्के रिपब्लिकनांकडे झुकलेले होते. ज्या वर्षी देश बरोबरीत असेल, त्या वर्षी फ्लोरिडा रिपब्लिकनांना मिळणार, हे त्या विजयातच दिसत होते. नुसते जिंकले-हरले पाहणाऱ्याला ते दिसले नसते.

देश कुणीकडे जाणार, हे चार वर्षे आधी सांगता येत नाही. मार्च १९९१ मध्ये, आखाती युद्धानंतर, थोरल्या बुश यांच्या कामावर गॅलपच्या चाचणीत ८९ टक्के लोक खूश होते. दीड वर्षाने त्यांना ३७ टक्के मते पडली आणि आर्कान्सासचे गव्हर्नर बिल क्लिंटन अध्यक्ष झाले. देशाच्या मनाचा अंदाज असा उडून जातो. राज्यांचा एकमेकांशी असलेला क्रम त्या मानाने टिकतो. वायोमिंग मिशिगनच्या उजवीकडे आणि मॅसॅच्युसेट्स मिशिगनच्या डावीकडे, हे गेल्या कित्येक निवडणुकांत खरे ठरले आहे. म्हणून जाणता अभ्यासक विजेत्याचे नाव आधी सांगत नाही. तो राज्यांची रांग लावतो, आणि देश इतका इकडे सरकला तर रांग कुठे तुटेल, ते सांगतो.

ही रांगही अचल नाही. २०१२ मध्ये ओहायो देशाच्या सरासरीपासून जेमतेम एक टक्का उजवीकडे होते. २०१६ मध्ये देशात हिलरी २.१ टक्क्यांनी पुढे असताना ट्रम्प यांनी ओहायो ८.१ टक्क्यांनी जिंकले. सापेक्ष कल चार वर्षांत एकदम दहा टक्क्यांवर गेला. १९६४ पासून २०१६ पर्यंत प्रत्येक विजेत्याने ओहायो जिंकले होते, आणि ‘ओहायो ज्याचे, देश त्याचा’ हा जवळजवळ नियमच मानला जात होता. २०२० मध्ये तो मोडला. त्याआधी मिझुरीचे असेच झाले होते. १९०४ ते २००४ या शतकभरात फक्त १९५६ चा अपवाद सोडला, तर मिझुरीचा कौल विजेत्याच्या बाजूने होता. २००८ मध्ये तिथे रिपब्लिकन जॉन मॅकेन चार हजारांच्या आत मतांनी जिंकले आणि ओबामा अध्यक्ष झाले. आज मिझुरी काठावरच्या राज्यांत मोडतही नाही. ही राज्ये देशाची नाडी सांगत होती, कारण त्यांची लोकसंख्या योगायोगाने देशाच्या सरासरीसारखी होती. देश बदलला, ती राज्ये मागे राहिली, आणि त्यांचा शकुन संपला.

१९६९ चे पुस्तक आणि २००२ चे पुस्तक

पुढच्या एका निवडणुकीऐवजी पुढच्या पिढीचा नकाशा काढायचा धाडसी प्रयत्न दोन पुस्तकांनी केला. दोन्हींची नावेही जुळी वाटावीत अशी आहेत.

पहिले केविन फिलिप्स यांचे, ‘द इमर्जिंग रिपब्लिकन मेजॉरिटी’, १९६९ चे. फिलिप्स तेव्हा तिशीच्या आतले होते आणि रिचर्ड निक्सन यांच्या १९६८ च्या प्रचारात त्यांनी काम केले होते. त्या निवडणुकीत निक्सन यांना सुमारे ४३ टक्के मते पडली होती. वंशभेदाचे समर्थन करणारे अलाबामाचे जॉर्ज वॉलेस यांना १३ टक्क्यांवर मते आणि दक्षिणेतली पाच राज्ये मिळाली होती. बहुतेकांनी याचा अर्थ निक्सन यांचा निसटता विजय असा लावला. फिलिप्स यांनी दोन्ही आकड्यांची बेरीज केली: ५७ टक्के. त्यांचा तर्क असा होता की यादवी युद्धापासून डेमोक्रॅटिक पक्षाला चिकटून असलेली गोरी दक्षिण आता त्याच्यापासून तुटली आहे. डेमोक्रॅटिक अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी १९६४ मध्ये नागरी हक्क कायद्यावर सही केली, आणि त्याच वर्षी देशभर सपाटून हरलेल्या रिपब्लिकन बॅरी गोल्डवॉटर यांनी स्वतःचे अॅरिझोना सोडून फक्त खोल दक्षिणेतली पाच राज्ये जिंकली. वॉलेस यांचे मतदार घरी परतणार नाहीत, ते रिपब्लिकन होतील. शिवाय कारखान्यांच्या थंड उत्तरेतून लोक फ्लोरिडा, टेक्सास, अॅरिझोना, दक्षिण कॅलिफोर्निया या उबदार पट्ट्यात चालले आहेत, आणि तो पट्टाही रिपब्लिकनांचा होणार.

वॉटरगेट घोटाळ्यानंतरचे १९७६ वगळता पुढची वीस वर्षे फिलिप्स बरोबर ठरले. निक्सन यांनी १९७२ मध्ये आणि रोनाल्ड रेगन यांनी १९८४ मध्ये प्रत्येकी ४९ राज्ये जिंकली. १९६८ ते १९८८ या सहा निवडणुकांत २१ राज्ये एकदाही डेमोक्रॅटांकडे गेली नाहीत. इलेक्टोरल कॉलेजला रिपब्लिकनांनी कुलूप घातले आहे, असे जाणकार म्हणू लागले. त्या २१ राज्यांत कॅलिफोर्निया, इलिनॉय आणि न्यू जर्सीही होती. १९९२ मध्ये बिल क्लिंटन यांनी ती तिन्ही जिंकली, आणि त्यानंतर ती रिपब्लिकनांना एकदाही परत मिळाली नाहीत.

दुसरे पुस्तक जॉन ज्युडिस आणि रुई टेक्सेरा यांचे, ‘द इमर्जिंग डेमोक्रॅटिक मेजॉरिटी’, २००२ चे. त्यांचे म्हणणे असे की सुशिक्षित व्यावसायिक, नोकरी करणाऱ्या स्त्रिया आणि अल्पसंख्याक हे तीन गट वाढत आहेत. विद्यापीठे आणि तंत्रज्ञान कंपन्यांभोवती वाढणारी महानगरे डेमोक्रॅटिक होत आहेत, आणि ती महानगरे आपापल्या राज्यांनाही ओढून नेतील. २००४ मध्ये बुश पुन्हा जिंकले तेव्हा पुस्तकाची टिंगल झाली. २००८ मध्ये ओबामांनी १९६४ नंतर पहिल्यांदा व्हर्जिनिया डेमोक्रॅटांना मिळवून दिले, कोलोरॅडो आणि नेवाडाही जिंकले. मग तेच पुस्तक द्रष्टे ठरले.

पुढच्या वर्षी पत्रकार रोनाल्ड ब्राउनस्टीन यांनी डेमोक्रॅटांच्या ‘निळ्या भिंती’ची कल्पना मांडली. १९९२ पासून प्रत्येक वेळी डेमोक्रॅटांकडे गेलेली १८ राज्ये आणि राजधानी ही ती भिंत. २०१२ पर्यंत ती सलग सहा निवडणुका टिकली. तिच्यात २४२ इलेक्टोरल मते होती, म्हणजे जिंकायला आणखी फक्त २८ हवी होती. ही भिंत २०१६ मध्ये पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन या तीन ठिकाणी फुटली.

आधी कुलूप, मग भिंत. दोन्ही वेळा आकडेमोड चोख होती आणि लोकसंख्येचे प्रवाह बरोबर ओळखले होते. तरी दोन्ही गोष्टी जवळपास पाव शतकात मोडल्या.

हरणारा पक्ष गप्प बसत नाही

लांब पल्ल्याचे भाकीत करताना मतदार बदलतील हे सगळे धरतात. पक्ष मात्र आहेत तसेच राहतील, असे न सांगता गृहीत धरतात. चूक तिथे होते. दोन पक्षांच्या देशात सतत हरणारा पक्ष एक तर माल बदलतो, नाहीतर गिऱ्हाईक. आणि त्याने तसे केले की जिंकणाऱ्या पक्षाच्या पायाखालची काही जमीन सरकतेच.

१९८० च्या दशकात तीनदा हरल्यावर डेमोक्रॅटिक पक्षाने दक्षिणेतला, गुन्हेगारी आणि सरकारी मदतीच्या प्रश्नांवर कडक बोलणारा गव्हर्नर उभा केला. कॅलिफोर्नियात त्याच सुमारास शीतयुद्ध संपून विमान आणि शस्त्रनिर्मितीचे कारखाने आटले. त्यांतले रिपब्लिकन मतदार राज्य सोडून गेले. १९९४ मध्ये रिपब्लिकन गव्हर्नर पीट विल्सन यांनी बेकायदा स्थलांतरितांना सरकारी सेवा नाकारणाऱ्या प्रस्तावाच्या जोरावर स्वतःची निवडणूक जिंकली. पण त्या प्रचाराने लॅटिनो मतदार पक्षापासून दुरावले आणि मोठ्या संख्येने नोंदणी करू लागले. फिलिप्स यांनी १९६९ मध्ये उबदार पट्टा ओळखला होता. त्या पट्ट्यात नंतर कोण येऊन राहील, आणि त्यांच्याशी पक्ष कसा वागेल, हे त्यांच्या आकड्यांत असणे शक्य नव्हते.

रिपब्लिकनांची पाळी २०१२ नंतर आली. मिट रॉमनी हरल्यावर पक्षाने मार्च २०१३ मध्ये आत्मपरीक्षणाचा अहवाल काढला. लॅटिनो मते हवी असतील तर स्थलांतर सुधारणांना पाठिंबा द्या, असा त्याचा सल्ला होता. ट्रम्प यांनी बरोबर उलटे केले. त्यांनी लॅटिनो मतदारांचा पिच्छा न पुरवता, कॉलेजात न गेलेल्या गोऱ्या मतदाराकडे मोर्चा वळवला. आयात माल, बंद कारखाने आणि स्थलांतर हे मुद्दे त्यांनी धरले. पेनसिल्व्हेनियातली लुझर्न काउंटी जुन्या कोळसा खाणींचा भाग. २०१२ मध्ये तिने ओबामांना निवडले होते. २०१६ मध्ये ट्रम्प तिथे सुमारे १९ टक्क्यांनी जिंकले. वेस्ट व्हर्जिनियात हे आधीच होऊन गेले होते. १९८८ मध्ये देशात सपशेल हरलेल्या डेमोक्रॅट मायकेल डुकाकिस यांनाही खाणकामगार संघटनांच्या त्या राज्याने साथ दिली होती. २००० मध्ये तिथली ५ इलेक्टोरल मते गोर यांच्या हातून गेली. ती राहिली असती, तर फ्लोरिडाच्या मोजणीची गरजच पडली नसती.

पारडे दुसरीकडेही सरकत होते. अटलांटाच्या उपनगरांतली ग्विनेट काउंटी २०१२ मध्ये रॉमनी यांनी आरामात जिंकली होती. २०२० मध्ये बायडेन तिथे सुमारे १८ टक्क्यांनी पुढे राहिले आणि जॉर्जिया १९९२ नंतर पहिल्यांदा डेमोक्रॅटांकडे आले. ज्युडिस आणि टेक्सेरा यांना सुशिक्षित महानगरांबद्दल जे दिसले होते, ते इथे खरे ठरले. पण कामगार वर्गातल्या गोऱ्या मतदारांचा पुरेसा वाटा टिकवला तरच हे बहुमत उभे राहील, ही त्यांचीच अट होती. ती अट पुस्तकाचे नाव घेणाऱ्या बहुतेकांनी वाचली नाही.

अल्पसंख्याक वाढतील म्हणजे डेमोक्रॅट वाढतील, या समजुतीला सगळ्यात मोठा धक्का टेक्सासच्या सीमेवर बसला. स्टार काउंटीत ९५ टक्क्यांहून अधिक लोक लॅटिनो आहेत. २०१६ मध्ये हिलरींना तिथे ७९ टक्के मते मिळाली. २०२४ मध्ये ट्रम्प तिथे सुमारे १६ टक्क्यांनी जिंकले. १८९२ नंतर त्या काउंटीने रिपब्लिकन उमेदवार निवडण्याची ती पहिली वेळ. लोकसंख्येचे भाकीत तंतोतंत बरोबर आले. त्या लोकसंख्येच्या मताचे भाकीत साफ चुकले.

जनगणनेचे निश्चित आकडे

या सगळ्या अनिश्चिततेत एक गोष्ट मात्र खरोखर वर्षे आधी ठरते. प्रतिनिधीगृहाच्या ४३५ जागा १९२९ च्या कायद्याने बांधल्या गेल्या आहेत. दर दहा वर्षांच्या जनगणनेनंतर त्या राज्यांत नव्याने वाटल्या जातात. एका राज्याला वाढ मिळाली की दुसऱ्याची जागा जाते. २०२० च्या जनगणनेत टेक्सासला दोन जागा वाढल्या. फ्लोरिडा, नॉर्थ कॅरोलायना, कोलोरॅडो, मोंटाना आणि ओरेगनला एकेक. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, पेनसिल्व्हेनिया, ओहायो, मिशिगन, इलिनॉय आणि वेस्ट व्हर्जिनियाने एकेक गमावली. न्यू यॉर्कमध्ये आणखी ८९ माणसे मोजली गेली असती, तर त्याची जागा वाचली असती.

पिढ्यांच्या अंतराने हे आकडे पाहिले की नकाशा कसा दक्षिणेला सरकला ते कळते. १९६० मध्ये जॉन केनेडी लढले तेव्हा न्यू यॉर्कला ४५ इलेक्टोरल मते होती, आता २८ आहेत. फ्लोरिडाची १० होती, आता ३०. टेक्सासची २४ ची ४० झाली. पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन यांची मिळून तेव्हा ६४ होती, आता ४४. केनेडींनी जिंकलेली राज्येच आज कुणी जिंकली, तर त्यांना मिळालेली मते त्याला मिळणार नाहीत.

२०२४ चे वाटप २०२८ लाही लागू आहे. नवे वाटप २०३० च्या जनगणनेनंतर, म्हणजे २०३२ च्या निवडणुकीला लागू होईल.

उमेदवाराने किती फरक पडतो

आतापर्यंत उमेदवार स्वतः कसा आहे, हे फारसे पाहिले नाही, याचे कारण राज्यांच्या हिशेबात त्याचे वजन लोकांना वाटते त्यापेक्षा कमी असते. स्वतःचे राज्य हमखास मिळते, ही समजूत तर आता टिकत नाही. गोर २००० मध्ये आपल्या टेनेसीत हरले. तिथली ११ मते त्यांना अध्यक्ष करायला पुरली असती. रॉमनी मॅसॅच्युसेट्सचे माजी गव्हर्नर होते आणि मिशिगनमध्ये वाढले होते. दोन्ही राज्ये त्यांच्या हाती लागली नाहीत. विस्कॉन्सिनचे पॉल रायन त्यांनी उपाध्यक्षपदासाठी घेतले आणि विस्कॉन्सिनही गेले. जन्माने आणि धंद्याने न्यू यॉर्कचे असलेले ट्रम्प तिथे तिन्ही वेळा हरले.

उमेदवार नेमका कोण असेल, हेही आधी कळत नाही. २००५ च्या सुरुवातीला ओबामा सिनेटवर नुकतेच निवडून आले होते. २०१३ मध्ये ट्रम्प यांचे नाव कुणी गंभीरपणे घेत नव्हते. मतदानाला वर्षभर असताना घेतलेल्या चाचण्यांचा अंतिम निकालाशी फारसा संबंध नसतो, हे अभ्यासकांनी अनेक निवडणुकांचे आकडे जुळवून दाखवले आहे. म्हणून दूरच्या निवडणुकीसाठी ‘अमुक नेता विरुद्ध तमुक नेता’ अशा चाचण्यांपेक्षा राज्याच्या सापेक्ष कलाचा आधार जास्त भरवशाचा ठरतो.

चुका एकमेकींना धरून चालतात

समजा, एखाद्या उमेदवाराला पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन ही तिन्ही राज्ये जिंकण्याची प्रत्येकी ७५ टक्के शक्यता आहे. तिन्ही एकदम हरण्याची शक्यता किती? तिन्ही राज्ये एकमेकांपासून स्वतंत्र मानली तर चौसष्टांत एक, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. पण ती स्वतंत्र नाहीत. तिन्हीकडे तेच जुने कारखाने, तसेच गोरे कामगार, तशीच उपनगरे. १९९२ पासून प्रत्येक निवडणुकीत या तिघांनी एकाच पक्षाला मत दिले आहे. एका ठिकाणी अंदाज चुकला, की तो दुसरीकडे आणि तिसरीकडेही त्याच दिशेने चुकतो.

२०१६ मध्ये नेमका हा मुद्दा कुणी किती धरला, यावर भाकिते वेगळी निघाली. निवडणुकांची भाकिते करणाऱ्या नेट सिल्व्हर यांच्या ‘फाइव्हथर्टीएट’ या संकेतस्थळाने राज्यांच्या चुका एकमेकींशी जोडल्या होत्या, त्यांनी ट्रम्प यांना सुमारे २९ टक्के शक्यता दिली. प्रिन्स्टनच्या एका प्रारूपाने हिलरींना ९९ टक्के दिली. चाचण्या दोघांकडे त्याच होत्या. चार वर्षे आधी नकाशा काढणाऱ्यालाही हे लक्षात ठेवावे लागते. काठावरची सात राज्ये म्हणजे सात वेगळे प्रश्न नसतात. ते दोन-तीनच प्रश्न असतात. उत्तरेतली तीन कारखानदार राज्ये हा एक गट. अॅरिझोना आणि नेवाडा दुसरा. जॉर्जिया आणि नॉर्थ कॅरोलायना तिसरा.

२०२८ आणि त्यापुढचे गणित

आता हे सगळे एकत्र लावून पाहू. २०२४ मध्ये ट्रम्प यांना ३१२ आणि हॅरिस यांना २२६ इलेक्टोरल मते मिळाली. बावीसाव्या घटनादुरुस्तीमुळे ट्रम्प तिसऱ्यांदा निवडून येऊ शकत नाहीत, तेव्हा २०२८ ला दोन्ही बाजूंना नवे नाव असेल. ट्रम्प यांच्या ३१२ मधली ९३ मते सात काठावरच्या राज्यांची: पेनसिल्व्हेनिया १९, जॉर्जिया १६, नॉर्थ कॅरोलायना १६, मिशिगन १५, अॅरिझोना ११, विस्कॉन्सिन १०, नेवाडा ६. ही बाजूला काढली की रिपब्लिकनांकडे २१९ आणि डेमोक्रॅटांकडे २२६ उरतात. ५३८ पैकी ४४५ मते उमेदवार ठरण्याआधीच बऱ्यापैकी पक्की दिसतात.

डेमोक्रॅटांना उत्तरेतली तीन राज्ये मिळाली, तर २२६ अधिक ४४ बरोबर २७०. एकही जास्त नाही. त्या २२६ मध्ये नेब्रास्कातल्या ओमाहा मतदारसंघाचे एक मतही आहे. २०२४ च्या सप्टेंबरात नेब्रास्काने सर्व मते विजेत्याला द्यावीत यासाठी रिपब्लिकन नेत्यांनी जोर लावला होता. ओमाहाचे राज्य सिनेटर माइक मॅकडॉनल यांनी नकार दिला आणि तो बेत फसला. तो नियम बदलला, तर हाच मार्ग २६९-२६९ वर येऊन थांबेल. मग निवड प्रतिनिधीगृहात जाईल, आणि तिथे प्रत्येक राज्याला एकच मत असते. कॅलिफोर्नियालाही एक आणि वायोमिंगलाही एक.

२०२४ ने सापेक्ष कलातही एक गोष्ट दाखवली. २०२० मध्ये विस्कॉन्सिन देशापेक्षा जवळपास चार टक्के उजवीकडे होते. २०२४ मध्ये ते देशाच्या सरासरीच्या किंचित डावीकडे आले. डेमोक्रॅटांची कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी अशा राज्यांतली मते सर्वाधिक घटली, पण तिथली आघाडी मुळातच मोठी होती. एकूण मतांत मागे पडूनही रिपब्लिकन जिंकू शकतात, ही २०१६ आणि २०२० ची सोय निदान सध्या तरी राहिलेली नाही.

२०३२ साठी मात्र ती २७० ची बेरीज आजच धोक्यात दिसते. या दशकातही लोक न्यू यॉर्क, कॅलिफोर्निया, इलिनॉय सोडून टेक्सास आणि फ्लोरिडाकडे जात आहेत. हा ओघ असाच राहिला, तर पुढच्या वाटपात डेमोक्रॅटांच्या पक्क्या राज्यांची काही मते रिपब्लिकनांच्या पक्क्या राज्यांकडे सरकतील. मग उत्तरेतली तिन्ही राज्ये जिंकूनही डेमोक्रॅटिक उमेदवाराला अध्यक्षपद मिळणार नाही. त्याला जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना किंवा अॅरिझोना यांपैकी निदान एखादे घ्यावेच लागेल.

हे वाचून रिपब्लिकनांचे नवे कुलूप लागले, असे म्हणणारे लेख आता येतील. १९८८ नंतर आणि २०१२ नंतर असेच लेख आले होते. त्या लेखांत खरी माहिती असेल, पण ती माहिती डेमोक्रॅटिक पक्षाच्या मुख्यालयातही पोचलेली असते. दक्षिणेत चालेल असा उमेदवार, कामगारांशी पुन्हा जुळवून घेणारा जाहीरनामा किंवा आज कुणाच्या ध्यानीमनी नसलेला एखादा मुद्दा, यांपैकी काहीतरी पुढे करणे त्या पक्षाला भाग आहे. टेक्सासला गेलेली माणसे तिथे कशी मतदान करतील, हेही अजून ठरायचे आहे. म्हणून २०३२ च्या नकाशावर जनगणनेतून येणारे आकडे पेनने लिहायला हरकत नाही. रंग भरण्यापूर्वी मात्र हरणारा पक्ष २०२८ नंतर काय बदलतो, ते पाहिले पाहिजे.